शिमा, शियाझी आणि एक लांबलचक क्रियापद

अमेरिकेच्या नैर्ऋत्येला ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून नवाहो नेशन पसरलेलं आहे. क्षेत्रफळ सुमारे ७१ हजार चौरस किलोमीटर; गोव्याएवढी एकोणीस राज्यं मावतील इतकं. लाल कडे, विरळ झुडपं, मेंढ्यांचे कळप आणि एकमेकांपासून लांब लांब असलेली घरं. इथले लोक स्वतःला 'दिने' म्हणतात आणि आपल्या भाषेला 'दिने बिझाद'. २०१०च्या आसपास ही भाषा घरात बोलणारे जवळपास १ लाख ७० हजार लोक मोजले गेले. अमेरिकेतल्या मूळनिवासींच्या भाषांमध्ये हा आकडा सगळ्यात मोठा. तरीही आजीच्या तोंडी ती जेवढी ऐकू येते तेवढी नातवाच्या तोंडी येत नाही.

पुढचा संवाद एका मामाचा आणि भाचीचा आहे. दोघंही माझ्या डोक्यातली. ती जी माहिती देतात ती मात्र खरी. मामा पुण्यात भाषाशास्त्र शिकवून निवृत्त झाले. नवाहो त्यांना रॉबर्ट यंग आणि विल्यम मॉर्गन यांच्या १९८० सालच्या जाडजूड व्याकरण-कोशातून ठाऊक. त्या मुलखात ते कधी गेलेले नाहीत. भाची गॅलपच्या बाजूला एका शाळेत काही वर्षं गणित शिकवून आलेली. वादाचा मुद्दा एवढाच, की ही भाषा शिकणाऱ्याने सुरुवात प्रेमाच्या वाक्याने करावी का. नवाहो शब्द देवनागरीत लिहिताना स्वरांचे चढउतार आणि घशात अडणारे आवाज गळून पडतात, तेवढं वाचकाने सांभाळून घ्यावं.

भाची : मामा, नवाहोच्या तासाला मुलांना सगळ्यात आधी काय हवं असतं, सांगू? आकडे नकोत, रंगांची नावं नकोत. 'आय लव्ह यू' कसं म्हणायचं ते सांगा म्हणतात. घरी जाऊन आजीला म्हणून दाखवायचं असतं.

मामा : आणि शिकवतात?

भाची : शिकवतात ना. 'आयो-आनीनीश-नी'. एका शब्दात मी आलो, तू आलास आणि मधलं सगळं आलं. मुलं ते पुटपुटत हिंडत असतात.

मामा : शब्दाची फोड मला सांगू नकोस, ती मला येते. मला खटकतं ते निराळंच. फोन ठेवताना 'लव्ह यू', शाळेच्या दारात सोडताना 'लव्ह यू', ही इंग्रजी घरातली रीत. ती नवाहो शब्दांत ओतायची आणि म्हणायचं, बघा, भाषा वाचली! आपल्याकडे तरी कुठली आई मुलाला 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणते? ती 'जेवलास का' म्हणते.

भाची : आलं 'जेवलास का'! मराठीत मायेवर चार ओळी लिहायच्या म्हटल्या की ते आलंच पाहिजे. आजोबा जन्मभर तुला तेवढंच विचारत राहिले. तुला त्यांची माया कळली?

मामा : कळली की.

भाची : कधी?

मामा : जरा उशिरा.

भाची : मग?

मामा : विषय नवाहोंचा आहे, अण्णांचा नाही. आता ऐक. त्या भाषेत नुसता 'आई' असा शब्द सुटा सापडतच नाही. 'शिमा' म्हणजे माझी आई, 'निमा' तुझी, 'बिमा' त्याची किंवा तिची. कुणाची ते ठाऊक नसेल तर 'अमा', कुणाची तरी आई. कुणाचीच नाही अशी आई व्याकरणात बसत नाही. बाप, भाऊ, मामा, सगळ्यांचं तसंच. ज्या भाषेत हाक मारतानाच 'माझी' म्हणावं लागतं, तिथे वर आणखी प्रेमाचं वाक्य कशाला?

भाची : हाताचं, डोक्याचं, नाकाचंही तसंच आहे मामा. नुसतं नाक नाही, माझं नाक. म्हणून काय तिथली माणसं स्वतःच्या नाकावर माया करत बसतात? व्याकरणाच्या तक्त्यातून भावना पिळून काढायची तुम्हा मंडळींना सवयच लागलेली आहे.

मामा : बरं, तक्ता राहू दे. वापराकडे बघू. 'शिमा' कुणाकुणाला म्हणतात? ते तू कानांनी ऐकलंयस.

भाची : आईला. आईच्या बहिणीला 'शिमा याझी', म्हणजे धाकटी आई; पुष्कळदा नुसतं 'शिमा'ही.

मामा : माय मरो, मावशी जगो.

भाची : अगदी. आईच्या आईला 'शिमासानी', आईच्या वडिलांना 'शिचे', वडिलांच्या आईवडिलांना 'शिनाली'. आणि गंमत म्हणजे आजोबाही मुलाच्या मुलाला उलट 'शिनाली'च म्हणतात, शब्द दोन्हीकडून तोच. आई लेकराला 'शियाझी' म्हणते, माझं चिमुकलं. तान्ह्याला 'शे-अवे'. दुकानातली म्हातारी बाईसुद्धा गल्ल्यावरच्या मुलीला 'शियाझी' म्हणून जाते, ओळख असो नसो.

मामा : म्हणजे माझंच म्हणणं झालं. हाकेतच सगळं आहे. गॅरी विदरस्पून यांनी १९७०च्या दशकात नवाहो नात्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात हेच आहे. जी जन्म देते, खाऊ घालते, जगवते ती आई. म्हणून जमिनीला, मक्याला, मेंढ्यांच्या कळपालाही तोच शब्द लागतो. मेंढी म्हणजे जगणं, असं तिथे म्हणतातच.

भाची : म्हणतात. पण हे तू पुस्तकातून सांगतोयस, म्हणून फार गोड ऐकू येतंय. प्रत्यक्षात ते गोडापेक्षा बंधनाचं आहे. तिथे स्वतःची ओळख करून देताना नाव सांगून भागत नाही, चार कुळं सांगावी लागतात. पहिलं आईचं, आपण त्या कुळातले. मग वडिलांचं, आपण त्या कुळासाठी जन्मलेले. मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. ऐकणारा मनात हिशेब करतो आणि तिथल्या तिथे नातं लावतो. दहा वर्षांची पोर चाळीस वर्षांच्या बाप्याची कुळाने आजी निघते. सगळे हसतात, पण त्या दिवसापासून ते नातं खरं. गाडी बंद पडली की त्याच नात्याने फोन येतो. एका कुळात लग्न होत नाही. दूर शहरात शिकायला गेलेली मुलं भेटली की आधी कुळं विचारतात, बाकीचं मग.

मामा : याला ते 'के' म्हणतात.

भाची : हो, 'के'. नातं, जिव्हाळा, एकमेकांचं करणं, हे सगळं त्यात येतं. तो 'क' घशातून तटकन सोडायचा असतो, तुझ्यासारखा पुणेरी नाही.

इथे मला एक सांगायचं आहे. परक्या भाषेतली माया म्हटली की वाचकाला काहीतरी अद्भुत हवं असतं: अनुवाद होत नाही असा एखादा शब्द, डोंगर, मावळतीचा प्रकाश. नवाहोच्या बाबतीत तर हा बाजार फारच तेजीत आहे. 'होझो' हा शब्द घ्या. जगण्याचा समतोल, सौंदर्य, सगळं जिथल्या तिथे असणं, असा त्याचा पसारा. तिथल्या विधींचा तो कणा आहे. तो आता योगवर्गांच्या भिंतींवर आणि शर्टांवर छापून येतो. मामांना या प्रकाराचा राग आहे, भाचीला तिटकारा. तेवढ्यावर दोघांचं पटतं, म्हणून ती चर्चा मी गाळली.

मामा : रोजच्या शब्दांकडे ये. भाषा तिथे जगते. भेटल्यावर 'या-आत-एह', म्हणजे चांगलं आहे. आभार मानायला 'अहेहे'. हो म्हणजे 'आओ', नाही म्हणजे 'दोदा', निघताना 'हागोने'. तुझा तो लांबलचक प्रेमाचा शब्द वर्षात एकदा लागेल, हे दिवसात वीसदा लागतात. आणि यांतसुद्धा इंग्रजी शिरलंय. 'या-आत-एह अबिनी' म्हणे! गुड मॉर्निंगचं सरळ भाषांतर. जुनी माणसं सकाळी काय, दुपारी काय, 'या-आत-एह' म्हणायची आणि पुढे नातं जोडायची: 'या-आत-एह, शिमा'. झालं.

भाची : आणि तुमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या गटावर रोज पहाटे फुलांसकट 'शुभ सकाळ' येतं ते कुठल्या ओवीतलं?

मामा : ते मी पाठवत नाही.

भाची : पण वाचतोस. विंडो रॉकहून केटीएनएन रेडिओ लागतो, ६६० एएम. त्यावर बातम्या, जाहिराती, रोडिओचं समालोचन, सगळं नवाहोत. निवेदक 'अबिनी' म्हणाला म्हणून कुणी रेडिओ बंद करत नाही. नाताळाला 'केश्मिश' म्हणतात. आपल्याला किसमिस वाटेल, पण ते ख्रिसमसचंच रूप. कॉफी 'गोह्वे' आणि पैसे 'बेसो', दोन्ही स्पॅनिशमधून आलेले. बाकी मात्र शब्द उसने घ्यायची त्यांना फारशी हौस नाही. मोटारीला 'चिदी', जुन्या इंजिनाच्या आवाजावरून म्हणे. विमान म्हणजे उडणारी चिदी.

मामा : बरोबर. आणि हेच घरगुती शब्द युद्धावर गेले. १९४२ साली अमेरिकी मरीन दलाने २९ नवाहो तरुण घेतले आणि त्यांनी आपल्या भाषेतून सांकेतिक लिपी बांधली. हातबॉम्ब म्हणजे बटाटे. विमानातून टाकायचे बॉम्ब म्हणजे अंडी. रणगाडा कासव, पाणबुडी लोखंडी मासा. आणि अमेरिकेला शब्द काय होता, माहीत आहे?

भाची : 'निहिमा'. आमची आई.

मामा : बघ! स्वयंपाकघर आणि नातं, एवढ्यावर ती लिपी उभी राहिली. जपान्यांना शेवटपर्यंत उलगडली नाही. १९६८पर्यंत तर ती गुपितच होती. २००१ साली त्या पहिल्या २९ जणांना काँग्रेसचं सुवर्णपदक मिळालं, तोवर बरेचसे वारले होते.

भाची : मामा, ही गोष्ट सगळे इथपर्यंतच सांगतात. मागचं कुणी सांगत नाही. १८६४ साली सैन्याने या लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोच्या पूर्वेला नेऊन डांबलं. चार वर्षांनी, १८६८ला, तह करून घरी सोडलं. त्या तहातच कलम होतं, की सहा ते सोळा वयाची मुलं शाळेत घालायची. पुढे त्यातून निवासी शाळा आल्या. केस कापले, नावं बदलली, आणि नवाहो बोललं की तोंडात साबण. ज्या जिभेला साबण लावला त्याच जिभेवर मग युद्धाचा संदेश ठेवला. 'आमची आई' हा शब्द त्या पोरांनी कुणासाठी वापरला, याचा विचार कर.

मामा : तो विचार करायलाच हवा. पण त्याचा आपल्या वादाशी संबंध काय?

भाची : सगळा संबंध तिथेच आहे. ती मुलं मोठी झाली, आईबाप झाली. त्यांनी काय केलं असेल? माझ्या लेकराच्या तोंडात साबण जाऊ नये म्हणून त्याच्याशी इंग्रजीत बोलायला लागली. बोलताना अडखळायची, पण इंग्रजीतच. मायेपोटी. भाषा कुणी द्वेषाने टाकली नाही, मामा. पोटच्या पोरावर जीव होता म्हणून टाकली. मग त्या पोरांच्या कानांना सवय काय लागली? लाड इंग्रजीत. नवाहो फक्त म्हाताऱ्यांच्या आपापसातल्या बोलण्यात, विधींच्या वेळी, किंवा रागावताना. 'यादिला!' एवढं मात्र प्रत्येक मुलाला येतं. वैतागलेल्या आजीचा शब्द आहे तो.

मामा : म्हणजे तुझं म्हणणं, की रागाचा शब्द आहे, मायेचा नाही, म्हणून मायेचा आधी द्यायचा.

भाची : आधी द्यायचा असं नाही. मागतायत तर अडवायचा नाही. 'आयो-आनीनीश-नी' हे काही कुणी इंग्रजीवरून घडवलेलं नाही. क्रियापद त्यांचंच आहे. त्यातला 'आयो' म्हणजे फार, खूप. जेवण फार चवदार झालं तरी तोच 'आयो' येतो, थंडी फार पडली तरी तोच. तू त्याला परकं ठरवतोस ते फक्त इंग्रजीत त्या वेळी तसं म्हणायची रीत आहे म्हणून.

मामा : रीत परकी असली की शब्दही परका होतो, असं माझं मत आहे. तिथल्या माणसांचा स्वभाव बघ. हस्तांदोलन करताना हात दाबत नाहीत, नुसता टेकवतात. मोठ्यांच्या डोळ्यांत रोखून बघत नाहीत. जावयाने सासूसमोर येऊच नये, ही जुनी चाल. वयात आलेले बहीणभाऊ एकमेकांविषयी बोलताना खास क्रियापदरूप वापरतात. व्याकरणात त्याला चौथा पुरुष म्हणतात. सरळ 'तू' नाही, 'ती' नाही, जरा बाजूने. आदर म्हणजे अंतर राखणं, हे त्या भाषेच्या हाडात आहे. तिथे छातीवर हात ठेवून 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणणं मला बटबटीत वाटतं.

भाची : आदर दूर ठेवतो, खरं आहे. पण मस्करी? ती सांग की. आतेभावंडं आणि मामेभावंडं एकमेकांची इतकी टर उडवतात, की नवख्याला वाटावं भांडण जुंपलंय. तिथे चौथा पुरुष नाही आणि पाचवाही नाही. प्रेम दाखवायचा एकच नवाहो मार्ग, असं नसतं मामा. कुणाशी काय नातं, त्यावर ठरतं. भावाशी वेगळं, आतेभावाशी वेगळं, तान्ह्या बाळाशी वेगळं. आणि बाळाशी तर सगळी बंधनं सुटतात. पहिल्या हसण्याची जेवणावळ ठाऊक आहे ना?

मामा : वाचलंय. तू सांग.

भाची : बाळ साधारण तीन महिन्यांचं झालं की घरातले सगळे टपून बसतात. पहिल्यांदा खुदकन हसेल ते कुणामुळे? ज्याच्यामुळे हसलं त्याने जेवण द्यायचं. मेंढी कापली जाते, पाहुणे येतात. मग बाळाच्या हातात खडेमीठ धरतात आणि प्रत्येक पाहुण्याच्या पानावर बाळाच्या हातून ते मीठ पडतं. हात अर्थात दुसऱ्या कुणीतरी धरलेला. आपल्या उष्टावणीत आपण बाळाला भरवतो; इथे बाळ सगळ्यांना भरवतं. हसलं म्हणजे माणसांत आलं, नात्यांत आलं, आणि आल्या आल्या पहिलं काम काय, तर देणं. नाहीतर पोर चिक्कू निघतं, असं म्हणतात. ज्याने हसवलं त्याचे गुण बाळात उतरतात अशीही समजूत आहे. त्यामुळे घरातल्या एखाद्या कवडीचुंबक काकाला त्या दिवसांत पाळण्याजवळ फिरकू देत नाहीत, अशा थट्टा चालतात.

मामा : हे मात्र कोशात नाही.

भाची : कोशात कसं असेल? आणि त्या गर्दीत बाळाला काय काय म्हणतात ते ऐक. 'शियाझी', 'शे-अवे', आणि हो, आजकाल 'आयो-आनीनीश-नी'सुद्धा. आजी म्हणतात. माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. आजीने म्हटल्यावर ते परकं असं तू पुण्यात बसून कोण सांगणार?

मामा : आजीला मी काही सांगत नाही. मी शिकणाऱ्याला सांगतोय. तू बाळाचा विषय काढलास, त्यावरूनच दाखवतो. 'दे' म्हणायचं आहे. मराठीत कॉफी दे, चादर दे, बाळ दे, एकच 'दे'. नवाहोत वस्तू कशी आहे त्यावर क्रियापद बदलतं. उघड्या भांड्यात आहे, तर एक. म्हणून 'गोह्वे शा नीकाह', कपातली कॉफी दे. चादरीसारखं पातळ, लवचीक असेल तर दुसरं. लांब आणि ताठ असेल तर तिसरं. गोल, टणक असेल तर चौथं. जिवंत असेल तर निराळंच: 'अवे शा नील्तेह', बाळ माझ्याकडे दे. अशी दहा-अकरा रूपं आहेत. आता मला सांग, ज्या मुलाला आजीच्या हातून कॉफीचा कप मागता येत नाही, त्याने आजीला ते मोठं वाक्य म्हणून दाखवलं, तर पुढे काय बोलणार? आजी खूश होईल, नवाहोत काहीतरी विचारेल, आणि पोरगं इंग्रजीत उत्तर देईल.

भाची : हा मुद्दा बरोबर आहे.

मामा : मान्य?

भाची : मान्य. अर्धवट. पोरगं पुढचं बोलू शकत नाही, खरं. पण ज्या मुलाने तोंडच उघडलं नाही त्याला कॉफीही मागता येणार नाही. तिथल्या तरुणांना सगळ्यात जास्त कशाचं भय वाटतं, माहीत आहे? हसतील याचं. सूर जरा चुकला, नाकातला स्वर नाकातून आला नाही, की मोठी माणसं हसतात. मायेने हसत असतील, पण पोरगं गप्प होतं ते कायमचं. २०१४ साली नवाहो नेशनच्या अध्यक्षपदासाठी ख्रिस डेशेनी उभे होते. प्राथमिक फेरीत दुसरे आले होते. भाषा पुरेशी अस्खलित नाही म्हणून त्यांना बाद केलं. किती महिने वाद! शेवटी २०१५ला सार्वमत घेतलं आणि लोकांनी ठरवलं, उमेदवाराला भाषा कितपत येते ते मतदारच बघून घेतील.

मामा : अध्यक्षाला भाषा यायलाच हवी, असं मी म्हणेन.

भाची : म्हण. पण ज्यांच्या आईबापांना साबण लावून ती सोडायला लावली त्यांची परीक्षा घेताना हात जरा सैल ठेव. तुझ्याच शहरातल्या शाळांत 'पानी' म्हणणाऱ्या मुलांना काय ऐकावं लागलं? किती मुलं वर्गात बोलायचीच बंद झाली? 'ण' नीट आला नाही म्हणून. त्यांची मराठी त्यांच्या घरात हजार वर्षं राहिली होती, आणि शुद्ध मराठीवाल्यांनी ती एका तासात लाजिरवाणी करून टाकली.

मामा : हा वार जिव्हारी लागला. मी वर्गात कुणाला हसलो नाही, पण हसणाऱ्यांना अडवलंही नाही.

यावर मला एवढंच म्हणायचं आहे, की मामांसारखे लोक भाषेला हवेच असतात. यंग आणि मॉर्गन यांच्यासारख्यांनी दशकानुदशकं क्रियापदांची रूपं टिपून ठेवली नसती, तर आज शाळेत शिकवायला पुस्तक नसतं. १९४३ ते १९५७ या काळात चाललेलं 'आदाहोनीलीगी' नावाचं नवाहो मासिक-पत्रही त्याच कामातून निघालं. मात्र पुस्तक जपणाऱ्याने शाळेच्या दारात उभं राहून तिकीट तपासू नये.

मामा : मग तुझा उपाय काय? वाक्य शिकवायचं आणि वाट बघायची?

भाची : उपाय माझा कशाला? त्यांनी केलेला आहे. १९८६ साली फोर्ट डिफायन्सच्या प्राथमिक शाळेत नवाहो माध्यमाचे वर्ग सुरू झाले. तेव्हा पाच वर्षांच्या मुलांत धड नवाहो बोलणारी फारच थोडी उरली होती. त्यातून पुढे पूर्ण शाळा उभी राहिली. लहान वर्गांत गणितसुद्धा नवाहोत. मी तिथे असते तर मला बेरजा पुन्हा शिकाव्या लागल्या असत्या. आणि मोठ्यांना बरोबर घेतल्याशिवाय भागत नाही, हे त्यांना पहिल्याच काही वर्षांत कळलं. घरी कुणी दोन वाक्यं बोलणार असेल तरच शाळेतलं टिकतं.

मामा : घरी कुणी बोलणार, ते काय बोलणार? 'मीठ दे'.

भाची : हो. आणि झोपवताना?

मामा : झोपवताना ते तुझं वाक्य. बरं बाई. पण माझी एक अट. वाक्याला हाक जोडा. नुसतं 'आयो-आनीनीश-नी' नको, मागे 'शिमा' हवं, 'शिचे' हवं. कुणाला म्हणतोय ते नवाहोतच कळू दे. नाहीतर ते शर्टावर छापायलाच जाईल.

भाची : ही अट त्यांनाही पटेल. आणि माझी एक. शिकणाऱ्याचं क्रियापद चुकलं, चादरीच्या जागी कपाचं आलं, तर तू पेन उघडायचं नाहीस.

मामा : कपाचं रूप चादरीला लावलं तर चादर सांडेल, अगं!

भाची : सांडू दे.

मामा : ते मला जमेलसं वाटत नाही.

वाद इथे मिटत नाही, आणि मिटला असं दाखवायची मला इच्छा नाही. माझा कौल मात्र भाचीकडे आहे. २०१३ साली विंडो रॉकला 'स्टार वॉर्स' नवाहोतून दाखवला गेला, २०१६ साली 'फाइंडिंग निमो'. हरवलेल्या पोराला शोधत समुद्र पालथा घालणारा बाप नवाहो बोलला. शुद्धतेच्या कसोटीवर हे दोन्ही सिनेमे परकेच ठरतात, पण ते बघायला आजी आणि नातू एका रांगेत बसले, आणि आजीला नातवाच्या आधी हसू आलं असेल. मामांचं 'गोह्वे शा नीकाह' मला पटतं. फक्त ते पहिल्या पायरीवर दटावून ठेवू नये एवढंच.

न्यू जर्सीतून, कॅलिफोर्नियातून मराठी मंडळी उन्हाळ्यात ग्रँड कॅन्यन बघायला जातात आणि तिथून पुढे मॉन्युमेंट व्हॅली किंवा कॅन्यन डी शेला वळतात. या दोन्ही जागा नवाहो नेशनच्या हद्दीत आहेत. गेलात तर 'या-आत-एह' म्हणा, हात टेकवा, दाबू नका. वाटाड्या स्वतःची कुळं सांगू लागला तर मध्ये बोलू नका. तुम्हाला विचारलंच तर तुमच्या आईकडून सुरुवात करा. निघताना 'अहेहे' पुरे. 'होझो'चे शर्ट मात्र दुकानातच राहू द्या.